सहलीचे पैसे सहलीआधी: सहा माणसं, मालवण आणि एका वर्षाची तयारी

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही अचानक ठरवून एका रिसॉर्टवर गेलो होतो. चार दिवस छान गेले. पैसे क्रेडिट कार्डावरून गेले आणि मग त्याचे हप्ते करून घेतले. 'विनाव्याज' म्हणून घेतलेल्या त्या हप्त्यांवर प्रक्रिया शुल्क लागलं, जीएसटी लागला, आणि एका महिन्यात बिल पूर्ण भरता आलं नाही म्हणून उरलेल्या रकमेवर कार्डाचं नेहमीचं व्याज चढलं. हे व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं. जूनमध्ये मुलांची फी भरतानाही त्या सहलीचा हप्ता चालूच होता. लेकीने शाळेच्या सहलीचे पैसे मागितले तेव्हा मी तिला "पुढच्या महिन्यात बघू" म्हटलं. ते वाक्य मला अजून बोचतं.

त्यानंतर घरात एक गोष्ट ठरली. सहलीचे पैसे सहलीला निघण्याआधी हातात असायला हवेत, सगळेच्या सगळे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पिंपरी-चिंचवडहून कोल्हापूरमार्गे मालवण-तारकर्लीला जाऊन आलो. सासूबाई आणि सासरे, आम्ही दोघं, चौदा वर्षांची लेक आणि आठ वर्षांचा मुलगा. त्यासाठी वर्षभर जे केलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुमचं ठिकाण वेगळं असेल, माणसं कमी-जास्त असतील. आकडे तुमचे घाला, पद्धत तीच चालेल.

पहिली पायरी: प्रत्येकाकडून एकच मागणी

'कुठे जायचं?' असा प्रश्न घरात टाकला की सहा उत्तरं येतात आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. म्हणून आम्ही प्रश्न बदलला. "सहलीत तुमच्यासाठी एकच गोष्ट झाली पाहिजे, ती कोणती?" सासऱ्यांना सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा होता. सासूबाईंना अंबाबाईचं दर्शन. लेकीला समुद्रात स्नॉर्कलिंग. मुलाला वाळूत मनसोक्त खेळायचं होतं, बाकी काही नको. नवऱ्याला ताजे मासे. मला सहा दिवस स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नव्हता.

या सहा मागण्या कागदावर लिहिल्या आणि ठिकाण आपोआप ठरलं. पुढे पैसे कमी पडायची वेळ आली की काय कापायचं तेही याच कागदाने सांगितलं. यादीत नसलेलं सगळं कापता येतं. यादीतलं एकही नाही.

त्यात एक पथ्य पाळा. सहलीचा वेग घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाच्या पायांनी ठरवायचा. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, म्हणून एका दिवसात एकच मोठी गोष्ट ठेवली. किल्ल्याच्या दिवशी किल्लाच. त्यामुळे खर्चही कमी झाला, कारण धावपळ करणारं कुटुंब रिक्षावर, गाडीवर आणि बाहेरच्या खाण्यावर सर्वांत जास्त उडवतं.

दुसरी पायरी: तारीख, आणि पंचांगातला एक सोयीचा हिशेब

मालवणच्या बाबतीत ऋतू आधी पाहावा लागतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या आणि पाण्यातले खेळ मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. मे महिन्यात उकाडा आणि चाकरमान्यांची गर्दी, गाड्यांना जागा नसते. दिवाळीच्या सुट्टीत हवा चांगली असते, पण पाडवा-भाऊबीजेला लागून येणारे दोन-तीन दिवस सर्वांत महाग. म्हणून सुट्टीचे शेवटचे दिवस धरा, तुळशीच्या लग्नाच्या जवळपासचे. आम्ही चौकशी केली तेव्हा त्याच खोलीचा भाव भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आणि त्यानंतर पाच दिवसांनी बराच वेगळा होता. शाळेची सुट्टी नेमकी कधी संपते हे मात्र आधी शाळेकडून पक्कं करून घ्या, दर शाळेचं वेगळं असतं.

आता पंचांगाचा हिशेब. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं (प्रवासाचा दिवस सोडून). त्याआधी १२० दिवस होते. दोन चांद्रमास म्हणजे साधारण ५९ दिवस. म्हणजे गणेश चतुर्थीपासून साठाव्या दिवशी कार्तिक शुद्ध पंचमीच्या आसपासची तिथी येते, भाऊबीजेनंतर तीन दिवसांनी. याचा सरळ अर्थ असा की कार्तिक शुद्ध पंचमी ते तुळशीचं लग्न या काळातल्या गाड्यांचं आरक्षण गणपतीच्या दिवसांतच, सकाळी आठ वाजता उघडतं. मध्ये अधिक महिना आला नाही तर हे दरवर्षी जुळतं. घरात आरतीची गडबड, पाहुणे, मोदक, आणि नेमकं तेव्हाच तिकीट काढायचं असतं. बहुतेक घरांचं तिकीट इथेच हुकतं. तारीख मोजून कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

तिसरी पायरी: अंदाजपत्रक, खालून वर

'पन्नास हजारात बसवू' असं म्हणून सुरुवात केली की आकडे त्यात कोंबले जातात. आधी एकेक खर्च लिहा, बेरीज शेवटी. आमचा कागद असा होता, सहा माणसं, सहा दिवस, पाच रात्री मुक्कामाच्या आणि परतीची एक रात्र गाडीत:

प्रवास, स्थानिक फिरण्यासह: १२,००० रुपये
मुक्काम, दोन खोल्या, पाच रात्री, खोलीला २,२०० धरून: २२,०००
जेवण-नाश्ता, माणशी रोज ४५० धरून: १६,२००
होडी, किल्ला, स्नॉर्कलिंग: ६,०००
खरेदी: ५,०००
निघण्याआधीचा खर्च: ४,०००
अडीअडचणीला: ६,८००
एकूण: ७२,०००

हे आमच्या घरचे आणि त्या वेळचे आकडे आहेत. तुम्ही स्वतः फोन करून भाव घ्या. पण 'निघण्याआधीचा खर्च' हा रकाना मात्र प्रत्येकाने ठेवा. मुलाच्या सँडल, टोप्या, सासऱ्यांची महिन्याची औषधं जास्तीची, उलटीच्या गोळ्या, बॅगेची तुटलेली चेन, गाडीत खायला चिवडा-लाडू. हे पैसे सहलीच्या आठवडाभर आधी घरखर्चातून जातात आणि महिना कोलमडतो. ते सहलीचेच पैसे आहेत, सहलीच्याच रकान्यात हवेत.

अडीअडचणीची रक्कम साधारण एक दशांश ठेवा. ती खरेदीसाठी नाही. ती फक्त आजारपण, चुकलेली गाडी, बिघडलेली तब्येत यांच्यासाठी.

चौथी पायरी: बचत घराच्या कॅलेंडरवर बसवा

बहुतेक ठिकाणी सल्ला मिळतो की एकूण रकमेला बारा महिन्यांनी भागा. ७२,००० भागिले १२, महिन्याला ६,०००. आम्ही आधी एकदा असं करून पाहिलं होतं. ते जूनमध्ये मोडलं. एकदा हप्ता चुकला की मन खट्टू होतं आणि पुढचेही चुकतात.

आपल्या घरातला खर्च बारा महिने सारखा नसतो. जूनमध्ये शाळा, वह्या, गणवेश, रेनकोट. श्रावणात सण सुरू. मग गणपती, नवरात्र, दिवाळी. कुठेतरी मध्ये गाडीचा विमा, आयुर्विम्याचा हप्ता, घरपट्टी, लग्नसराईतले आहेर. जानेवारी-फेब्रुवारी त्या मानाने शांत. म्हणून गेल्या वर्षभराचं बँकेचं पासबुक घेऊन बसा आणि प्रत्येक महिन्यापुढे एकच खूण करा: जड, मध्यम किंवा हलका. या कामाला एक रविवार दुपार लागते. आमच्याकडे जून आणि ऑक्टोबर सर्वांत जड निघाले.

मग सर्वांत जड महिन्यातही न चुकता निघेल एवढाच नियमित हप्ता ठरवायचा. आमच्यासाठी तो ४,००० होता. बाकीचं हलक्या महिन्यांतून आणि अवचित येणाऱ्या पैशातून उभं करायचं. आमची मांडणी अशी झाली:

आवर्ती ठेव, महिना ४,०००, नऊ महिने: ३६,०००
आधीच्या दिवाळीच्या बोनसमधून बाजूला: १०,०००
जानेवारी आणि फेब्रुवारीत जास्तीचे ४,००० प्रत्येकी: ८,०००
पगारवाढीची थकबाकी: ६,०००
महिन्यातलं एक बाहेरचं जेवण बंद, ५०० प्रमाणे बारा महिने: ६,०००
सप्टेंबर आणि ऑक्टोबरात ३,००० प्रत्येकी: ६,०००

बेरीज ७२,०००. जूनमध्ये फक्त हप्ता आणि ते पाचशे, त्यामुळे घराला झळ बसली नाही.

आवर्ती ठेव बारा महिन्यांची न करता नऊच महिन्यांची का, हे नीट समजून घ्या. पहिल्या वेळी माझी हीच चूक झाली होती. सहलीचे पैसे सहलीच्या दिवशी लागत नाहीत. आरक्षण उघडताच तिकिटांचे लागतात, त्याच सुमारास खोलीचं आगाऊ भाडं द्यावं लागतं. ठेव नोव्हेंबरात पिकणार असेल तर सप्टेंबरात पुन्हा कार्डच पुढे येतं. म्हणून ठेव तिकीट काढायच्या दिवसाआधी पिकली पाहिजे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडलेली नऊ महिन्यांची ठेव सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हातात येते. ज्या वर्षी गणपती ऑगस्टअखेर असतात त्या वर्षी सुरुवात नोव्हेंबरातच करा.

बहुतेक बँकांत सहा महिन्यांपासून आवर्ती ठेव उघडता येते, मोबाइलवरूनसुद्धा. हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांची ठेवा. पोस्टाची आवर्ती ठेव चांगली असली तरी ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही. वर्षभरातल्या सहलीला तिचा उपयोग नाही. व्याजाकडे फार पाहू नका, एवढ्याशा मुदतीत ते काही शेकड्यांतच येतं. या ठेवीचा खरा उपयोग म्हणजे पैसे नजरेआड राहतात.

बाकीचे ३६,००० वेगळ्या बचत खात्यात ठेवा, ज्याचं एटीएम कार्ड रोजच्या पाकिटात नसतं. आमच्याकडे सासूबाईंचं जुनं खातं पडून होतं, तेच वापरलं. दर महिन्याला त्या पासबुक भरून आणायच्या आणि रक्कम मोठ्याने वाचून दाखवायच्या. मुलगा ती रक्कम फ्रीजवरच्या कागदावर लिहायचा. बाहेरचं जेवण बंद झाल्याची तक्रार त्यामुळे कोणी केली नाही.

भिशीबद्दल बऱ्याच मैत्रिणी विचारतात. ओळखीच्या, वर्षानुवर्षं चाललेल्या भिशीत आपला नंबर कधी लागेल हे आधी ठरलेलं असेल तर ती चालते. चिठ्ठीवर नंबर असेल तर पैसे फेब्रुवारीत आले काय आणि दिवाळीनंतर आले काय, दोन्ही गैरसोयीचे. आणि भिशी बुडाली तर दाद मागायला कागद नसतो. पतसंस्थेत जास्त व्याज मिळतं म्हणून पैसे ठेवायचा मोह होत असेल तर एवढं माहीत असू द्या: बँकेतल्या ठेवींना माणशी पाच लाखांपर्यंत विमा संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवींना ते नसतं.

नोकरदारांनी आपल्या पगारपत्रकात प्रवास सवलत भत्ता, म्हणजे एलटीए, आहे का ते पाहावं. चार वर्षांच्या एका ब्लॉकमध्ये दोन प्रवासांना करसवलत मिळते. २०२२ ते २०२५ हा एक ब्लॉक, त्यापुढचा २०२६ ते २०२९. सवलत फक्त भारतातल्या प्रवासभाड्यावर आहे, राहण्या-खाण्यावर नाही, आणि जुन्या करपद्धतीतच मिळते. अवलंबून असलेले आई-वडील यात धरता येतात. तिकिटं जपून ठेवा, रजेचा अर्जही.

पाचवी पायरी: प्रवास कशाने?

सहा माणसं म्हटली की पहिला विचार गाडी भाड्याने घेण्याचा येतो. भाव विचारताना तीन गोष्टी कागदावर घ्या: दिवसाला किमान किती किलोमीटरचे पैसे, चालकाचा भत्ता किती, टोल-पार्किंग कोणाचं. बहुतेक ठिकाणी दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटरचे पैसे किमान धरतात. तारकर्लीत चार दिवस गाडी झाडाखाली उभी असली तरी ते मीटर चालूच. आम्ही हिशेब मांडला तेव्हा नुसता गाडीचाच खर्च अंदाजपत्रकातल्या प्रवासाच्या रकमेच्या दुपटीच्या पुढे गेला.

मग एसटीचा हिशेब केला आणि मी तो दोनदा तपासला. राज्याच्या हद्दीत एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलांनाही अर्धं. सासरे ७६ वर्षांचे, मोफत. सासूबाई, मी आणि लेक अर्ध्या तिकिटावर. मुलगा अर्ध्यावर. पूर्ण तिकीट फक्त नवऱ्याचं. सहा माणसं जवळपास तीन तिकिटांत. ज्येष्ठांचं आधार कार्ड मूळ प्रत बरोबर ठेवा. आगाऊ आरक्षणाचा आकार वेगळा लागतो, पण सणाच्या दिवसांत तो द्याच.

पुणे ते कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. तिथे एक मुक्काम केला, संध्याकाळी अंबाबाईचं दर्शन झालं, सासूबाईंची मागणी पहिल्याच दिवशी पूर्ण. दुसऱ्या दिवशी सकाळी घाट उतरून मालवण. वयस्कर माणसं बरोबर असताना सलग दहा-अकरा तास बसवण्यापेक्षा एका रात्रीचं भाडं देणं केव्हाही चांगलं. घाटात लागणाऱ्या मुलाला निघण्याआधी गोळी द्या आणि पोटभर मिसळ मुळीच देऊ नका.

परतीला कुडाळहून रात्रीची रेल्वे. मालवणहून कुडाळ सुमारे ३० किलोमीटर. कोकणकन्या आणि तुतारी या दोन्ही गाड्या रात्रभर प्रवास करून पनवेलला पहाटे आणतात, तिथून पुणे. रेल्वेच्या तिकिटात काही गोष्टी माहीत असल्या तर खूप त्रास वाचतो.

ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा पूर्ण भाडं धरा. पण खालच्या बर्थचा वेगळा कोटा अजून आहे: ६० वर्षांपुढचे पुरुष आणि ४५ वर्षांपुढच्या स्त्रिया. यातली मेख अशी की तो कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील आणि दोघंही त्या वयात बसत असतील तरच मिळतो. सहाही जणांचं एकच तिकीट काढलं की सासू-सासऱ्यांचा हक्क गेला. म्हणून त्या दोघांचं तिकीट वेगळं काढा, कोटा निवडून. मग बाकीच्या चौघांचं काढताना त्यांच्याच डब्याचा क्रमांक पसंतीत भरा. आम्हाला डबा तोच मिळाला, बर्थ मात्र दूरचे. मुलगा रात्री जेवणापर्यंत आजीजवळ बसला आणि मग झोपायला आमच्याकडे आला.

५ ते १२ वर्षांखालच्या मुलाला अर्ध्या भाड्यात प्रवास करता येतो, पण मग बर्थ मिळत नाही. रात्रीच्या प्रवासाला पूर्ण भाडं भरून बर्थ घ्या. आयआरसीटीसीचं खातं आधारशी महिनाभर आधी जोडून ठेवा. आरक्षण उघडल्यानंतरच्या सुरुवातीच्या वेळात आधार जोडलेली खातीच चालतात, आणि तत्काळलाही ते लागतं. सगळ्या प्रवाशांची नावं आणि वयं खात्यात आधीच भरून ठेवली तर आठ वाजता टायपिंगमध्ये वेळ जात नाही. तत्काळच्या भरवशावर सहा माणसांना ठेवू नका.

सहावी पायरी: खोली ठरवताना विचारायचे प्रश्न

तारकर्ली-देवबागला घरगुती निवास-न्याहारी खूप आहेत, आणि कुटुंबासाठी मला ते हॉटेलपेक्षा आवडतात. घरची बाई काय शिजतंय ते सांगते, आपल्याला हवं-नको विचारते. पण फोनवर गोड बोलणं झालं म्हणून पैसे पाठवू नका. आधी विचारा: खोली तळमजल्यावर आहे का? संडास कमोडचा आहे का? (गुडघेदुखी असलेल्या माणसासाठी हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि तो विचारायला माणसं लाजतात.) गरम पाणी किती वाजेपर्यंत? जादा गादीचे पैसे किती? नाश्ता भाड्यात आहे का? लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का? समुद्र 'दोन मिनिटांवर' म्हणजे किती पावलांवर?

उत्तरं आली की ती आपणच व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा आणि समोरच्याचा होकार लेखी घ्या. तारखा, खोल्या, एकूण भाडं, आगाऊ रक्कम, रद्द केल्यास किती परत. सणाच्या दिवसांत खोट्या फोटोंवर पैसे उकळणारे असतात. व्हिडिओ कॉलवर खोली आणि अंगण दाखवायला सांगा; खरा माणूस लगेच दाखवतो. पैसे घेण्यासाठी कधीही यूपीआय पिन टाकावा लागत नाही, 'परतावा देतो, पिन टाका' म्हटलं की फोन ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा, वेळ घालवला तर पैसे हातचे जातात.

आमची तारीख कार्तिकी एकादशीवरून जात होती. सासूबाईंचा उपवास, शिवाय त्या मासे खात नाहीत. हे आधी सांगितल्यामुळे मालकीणबाईंनी त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी केली. न सांगता गेलो असतो तर त्या दिवशी त्यांना केळ्यांवर राहावं लागलं असतं.

सातवी पायरी: तिथे गेल्यावर पैसे कसे हाताळायचे

देवबागच्या बाजूला मोबाइलची रेंज मधूनच जाते, यूपीआय अडकतं. आम्ही रोजचं एक पाकीट केलं होतं. त्यात त्या दिवसाचे जेवणाचे, फिरण्याचे आणि चिल्लर खर्चाचे रोख पैसे. पाकीट लेकीकडे. संध्याकाळी ती उरलेले मोजायची आणि दुसऱ्या दिवशीच्या पाकिटात टाकायची. चौदा वर्षांच्या मुलीला पैशाची किंमत समजावून सांगावी लागली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच भावाला दुसरं आइस्क्रीम नाकारलं.

जेवणात मासा ठरवण्याआधी भाव विचारा. सुरमई आणि पापलेट महाग, बांगडा स्वस्त, आणि आवक कमी असेल त्या दिवशी सगळंच महाग. थाळीचा दर माशावर असतो. दुपारी थाळी आणि रात्री घरच्यासारखं साधं पिठलं-भात, सोलकढी असं ठेवलं तर पोटही ठीक राहतं आणि पैसेही.

सिंधुदुर्गला सकाळी लवकर जा, ऊन चढायच्या आत. महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याचं बांधकाम सुरू केलं. कुरटे बेटावर, चारही बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. सासऱ्यांनी तट चढण्याचा हट्ट धरला नाही. शिवराजेश्वर मंदिरात ते बराच वेळ बसून राहिले, आणि महाराजांच्या हातापायाचे ठसे पाहून आल्यावर दुपारपर्यंत फारसे बोललेही नाहीत. परतीच्या होडीची वेळ उतरतानाच विचारून घ्या.

पाण्यातल्या खेळांसाठी किनाऱ्यावर पाठीमागे लागणाऱ्या पहिल्याच माणसाशी ठरवू नका. आपल्या घरमालकांना विचारा. प्रत्येकाला लाइफ जॅकेट, मुलाला त्याच्या मापाचं; मोठ्या मापाचं जॅकेट गळ्यातून निसटतं. सुरक्षेत पैसे वाचवायचे नाहीत, इतर कुठेही वाचवा.

खरेदीत कोकम आगळ, काजू, मालवणी मसाला आणि खाजं. काजू एकाच दुकानातून न घेता दोन-तीन ठिकाणी चाखून घ्या. सावंतवाडीची लाकडी खेळणी मालवणातही मिळतात. कोणाकोणाला काय द्यायचं ती यादी घरूनच करून न्या, नाहीतर शेवटच्या संध्याकाळी दिसेल ते उचललं जातं. आम्ही यादी केली होती, तरी हा रकाना फुगलाच.

परत आल्यावर

शाळा-ऑफिस सुरू होण्याआधी एक दिवस घरी मोकळा ठेवा. धुणं, झोप आणि हिशेब. आमचा खरा खर्च असा निघाला: प्रवास १४,५००, मुक्काम २२,०००, जेवण १४,३००, होडी-किल्ला-स्नॉर्कलिंग ५,६००, खरेदी ७,०००, निघण्याआधीचा ३,२००, अडीअडचण २,८००. एकूण ६९,४००.

प्रवासात अडीच हजार वाढले ते स्थानिक रिक्षांमुळे. तारकर्ली ते मालवण सात-आठ किलोमीटर आहे आणि सहा जणांना दोन रिक्षा लागतात, हे मी धरलंच नव्हतं. सहा माणसांच्या घराने हा खर्च दुप्पटच धरावा. अडीअडचणीतले २,८०० पनवेलला गेले. पहाटे उतरलो तेव्हा सासऱ्यांना उभं राहवत नव्हतं. एसटीची वाट न पाहता थेट घरापर्यंत गाडी केली. त्या वेळी कोणाला विचारावं लागलं नाही, कुठून द्यायचे हा प्रश्न पडला नाही, कारण ते पैसे त्याचसाठी बाजूला होते.

२,६०० रुपये उरले आणि ठेवीचं व्याज नऊशेच्या आसपास आलं. साडेतीन हजार सासूबाईंच्या खात्यातच राहू दिले. मुलाने फ्रीजवरचा जुना कागद काढून नवा लावला आणि वर '३,५००' लिहिलं. खाली ठिकाणाची जागा अजून रिकामी आहे. त्याने पेन्सिलने 'वाघ' असं लिहून ठेवलं आहे, आणि सासूबाईंनी त्याच्या शेजारी 'पंढरपूर'.